माझं तरी असू दे

अमरावती, १५ जानेवारी १९५८

वकीलीणबाईंकडे हळदीकुंकू. एकटीच गेले. कुसुम घरी. दिवाळीत अकोल्याहून आली ती कायमची. एक ट्रंक, एक वळकटी, कोरं कपाळ. विसावं लागलंय तिला. जावई जिनिंग फॅक्टरीत कारकून. विषमज्वर झाला आणि...

पत्रिका ह्यांनीच पाहिली होती. या पेठेतल्या निम्म्या घरांच्या पत्रिका, लग्नं, श्राद्धं ह्यांच्याकडेच. मुलीची पाहताना तर तीनदा पाहिली. चांगले गुण जुळत होते. त्यावर आता घरात कोणी बोलत नाही.

परतले तेव्हा कुसुम परातीत तीळ निवडत होती. "काय लुटलं वकीलीणबाईंनी?" कुंकवाचे करंडे लुटले होते. मी पदराखाली धरला होता. "काही नाही गं, गूळ," म्हटलं. तिने मान खाली घातली. दिसलं असणार.

१ मार्च

हे लग्न लावायला बडनेऱ्याला गेले, म्हणून देवांना फुलं मीच वाहिली. दिवा लावला, हात जोडले, आणि मागायला काही सुचेना. स्तोत्र सुरू केलं, मध्येच थांबले. घरात कोणी आहे का म्हणून हाक मारावी आणि हाक मारतानाच आपल्याला ठाऊक असावं, कोणी नाही.

राग नव्हता. राग असता तर कुणावर तरी असता.

संध्याकाळी दिवा लावताना पुन्हा तसंच.

१० मार्च

थकवा असेल म्हणून वाट पाहिली. थकवा नाही. जेवते, झोपते, कामं होतात. फक्त ते नाही. भीतीही वाटत नाही. चोवीस वर्षं भटजीची बायको आहे मी, त्याआधी भटजीची मुलगी. भीती वाटायला पाहिजे ना?

कुणाला सांगू?

२३ मार्च

सखू लाकडाची मोळी घेऊन आली. अंगणात टाकते, पैसे ओट्यावर ठेवते मी, ती उचलते. तिची सगळी वस्ती बौद्ध झाली त्याला दीड वर्ष होत आलं. आज विचारलंच.

"सखू, घरातले देव काय केले गं तुम्ही?"

"टोपलीत भरले अन् नदीत सोडले. माय लय रडली."

"आणि तू? भेव नाही वाटलं?"

"समदेच होते ना संगं, बाई. शेजारीण सोडे, जाऊ सोडे, म्या बी सोडले. एकटीनं थोडेच सोडले? एकटी असती तं मेलीच असती भेवानं." मग माझ्याकडे बघून, "तुमी काहून पुसून राहिल्या?"

"सहज."

त्यांना सोडायला कारण होतं. पायरी चढू दिली नाही त्यांना कुठे, आणि चढू न देणारे आमच्यासारखेच. माझ्यापाशी तेवढं कारणही नाही. ती गेली ती वस्ती सोबत घेऊन. मी कुठे जाणार? देवघर आणि स्वयंपाकघर यांत एक भिंत.

१९ एप्रिल

ऊन कडक. सखूला मोळी टाकता टाकता घेरी आली. ओट्यावर बसवलं, घरातल्या पितळी पेल्यात पाणी दिलं. गटागटा प्यायली. गेल्यावर पाहते तर कुसुमने पेला राखेने घासला, मग चुलीत विस्तवावर धरला.

"अगं, काय करून राहिली?"

"सोवळं मोडतं, आई." रागाने नाही म्हणाली. काळजीने. मी विसरले असेन आणि ती आठवण देत असेल, तशी.

माझ्या आईने हेच केलं असतं. परवापरवापर्यंत मीही. पण हिने? जिला स्वतःलाच लोक लग्नकार्यात मागच्या खोलीत...

२ मे

आक्का म्हणून एक साध्वी आल्या आहेत. धामणगावच्या पुढे नदीकाठी त्यांचा आश्रम. रामाच्या देवळात रोज प्रवचन. शेजारच्या काकूंबरोबर कुसुम गेली. परत आली तर हसत होती. आक्कांनी सांगितलेली गोष्ट सांगता सांगता ठसका लागेपर्यंत हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

मीही हसले. मग आत जाऊन उगाच भांडी लावली.

२० मे

आता रोज पोथी. एक वेळ जेवण. पहाटे उठून फुलं तीच आणते. चेहरा उजळला आहे, खोटं कशाला बोलू. हे खूश. "घराणं आहे आपलं," म्हणाले. मुलगा नाही याची खंत आज पहिल्यांदा त्यांच्या बोलण्यात नव्हती.

माझं गेलं तिकडे, तिचं वाढून राहिलं इकडे. एकाच देवघरासमोर.

११ जून

दादा अकोल्याहून आला होता. माझा थोरला भाऊ, शाळामास्तर. तिकडे मुलींसाठी शिक्षिकेचं ट्रेनिंग आहे, राहायची सोय आहे, कुसुम सातवी पास आहे, घेतील म्हणतो. "दोन वर्षांत पोरगी पायावर उभी राहील."

कुसुम म्हणाली, "मामा, मला नाही जायचं. अकोल्याला तर नाहीच." उठून गेली.

हे म्हणाले, "तिला जिथे शांत वाटेल तिथे." दादा चिडला. "भावजी, शांतीनं पोट भरते काय?"

मी दोघांना पोहे दिले. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं काय? या वर्षीची मुदत तर गेलीच आता. पुढच्या जूनला पुन्हा, म्हणून गेला.

२७ जुलै

अधिक श्रावण. जावयाला वाण द्यायचा महिना. वकीलीणबाईंचे जावई मुंबईहून यायचे आहेत, अनारसे त्यांना माझ्याच हातचे हवेत. तेहतीस. नाही कसं म्हणणार, ह्यांचे सगळ्यात जुने यजमान.

तांदूळ भिजवले, वाळवले, कुटले. कुसुमने पीठ चाळून दिलं. मी तूप तापवलं. आमच्या घरी या महिन्यात...

एकही अनारसा बिघडला नाही. बिघडायला हवा होता एखादा.

२९ जुलै

परात घेऊन कुसुम माझ्याबरोबर वकिलांकडे आली होती, जड होती म्हणून. दारातच वकीलीणबाईंनी परात माझ्या हातात घ्यायला लावली. "तू मागच्या अंगणात बस हं बेटा. वाण आहे, समजतं ना तुला?" गोड आवाजात. हे आत मंत्र म्हणत होते. त्यांना सगळं ऐकू गेलं. मंत्र थांबला नाही.

घरी येताना म्हटलं, "कुसुम, वाईट वाटून घेऊ नको." ती म्हणाली, "माझंच काहीतरी मागचं फिटायचं असेल, आई. आक्का म्हणतात, सोसलं की फिटतं."

त्या क्षणी देव असता तर मी त्याच्याशी भांडले असते.

२४ ऑगस्ट

ह्यांना सांगितलं. जेवण झालं होतं, हे पंचांग घेऊन बसले होते. कुसुम देवळात.

"मला देव वाटत नाही हो हल्ली."

"वाटत नाही म्हणजे?"

"म्हणजे, आहे असं वाटत नाही."

पंचांग मिटलं. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. "थकली तू. घरात एवढं होऊन गेलं. चातुर्मास आहेच, एखादा नेम धर. ठीक होऊन जाईल."

हसूच आलं. देव नाही, यावर औषध काय, तर नेम.

"मी बोलले त्याचं काही नाही वाटलं तुम्हाला?"

"वाटलं ना." मग हळू आवाजात, "कोणाजवळ बोलू नको. यजमान दहा तोंडांनी बोलतात. आणि कुसुमजवळ तर नकोच नको. तिला तेवढंच आहे."

शेवटचं खरं आहे. म्हणूनच तर गप्प आहे.

२१ सप्टेंबर

महालक्ष्म्या जेवल्या. पहाटेपासून सोवळ्यात. सोळा भाज्या, पुरण, आंबील, कथली, सगळं. काही राहिलं नाही. गंमत म्हणजे उपास मात्र मोडवत नाही माझ्याने. सवय. दुपारी भूक लागली तरी पाण्याचा घोट घेतला नाही. कुणासाठी, ते सांगता येणार नाही.

संध्याकाळी दर्शनाला बायकांची रीघ. आक्काही आल्या. साधं सुती पातळ, हातांना भेगा. स्वतः शेण काढतात म्हणे आश्रमात. मला त्या वाईट वाटाव्यात असं वाटत होतं. वाटल्या नाहीत. कुसुमच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "ताई, ही मुलगी मला द्या. कार्तिकीनंतर येऊ दे. रमली तर रामनवमीला दीक्षा देऊ. तिथे तिला कोणी मागच्या अंगणात बसवणार नाही."

म्हणजे कुसुमने तिथे सांगितलं होतं. मला कधी त्यावर परत बोलली नाही.

दीक्षा म्हणजे केस उतरणार. घर सुटणार. मग ट्रेनिंग नाही, पगार नाही, पुन्हा कोणी विचारलं तर संसारही नाही. हे म्हणाले, "भाग्य आमचं."

१२ ऑक्टोबर

आज सांगून टाकलं. ह्यांनी नको म्हटलं होतं तरी.

कुसुम आश्रमात न्यायच्या कपड्यांना टाके घालत होती. म्हटलं, "जाऊ नको, बेटा. तिथे काही नाही."

"तिथे म्हणजे आश्रमात?"

"कुठेच."

तिला कळायला वेळ लागला. सुई हातात तशीच. "कधीपासून?"

"फाल्गुनापासून."

"म्हणजे महालक्ष्म्यांचं सगळं तू..."

"हो."

"माझ्यामुळे?"

"नाही गं. कुणामुळे नाही. खरंच नाही. गेलं, एवढंच. पण असं नको व्हायला की तू केस उतरवून बसली, आणि वीस वर्षांनी एक दिवस सकाळी उठून पाहिलं तर..."

तिने टाका पुरा केला, दोरा दाताने तोडला. म्हणाली, "आई, तुझं गेलं. माझं तरी असू दे."



१५ ऑक्टोबर

नैवेद्याचं ताट वाढायला घेतलं तर कुसुमने हातातून घेतलं. "तू असू दे." ओरडून नाही, तोडून नाही. आता देवाचा स्वयंपाक ती वेगळा करते, लहान चुलीवर. हे पाहतात आणि न पाहिल्यासारखं करतात.

पेल्यासारखी मी. विस्तवावर धरता येत नाही एवढंच.

अकोला, २१ नोव्हेंबर

दिवाळी झाली. चार दिवस दादाकडे. ह्यांनीच धाडलं. "बरं वाटेल तुला." इथे कापसाच्या गाड्यांनी रस्ते भरलेत. जिनिंगच्या भोंग्याने दचकायला होतं. जावई याच भोंग्यावर जात असत.

दादाला सांगितलं. तो तर आनंदलाच. "मग तू आमच्यातली!" म्हणाला. संध्याकाळी त्याच्या डॉक्टर मित्राकडे घेऊन गेला. दर आठवड्याला जमतात, देवधर्म न मानणारे. सात-आठ पुरुष, मास्तर, वकील. भटांवर बोलले, नवसांवर बोलले, खूप हसले. बोलत होते त्यातलं बरंचसं खरंच होतं. पण भटजी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे हे येत. पावसात छत्री धरून, चिखलातून, कुणाच्या तरी तेराव्याला.

एकाने विचारलं, "ताई, तुम्ही कोणत्या विचाराने सोडलं?"

म्हटलं, "विचाराने नाही. एक दिवस नव्हता."

त्यांना ते पटलं नाही. कुणाला देवस्थानात फसवलं होतं, कुणी ग्रंथ वाचले, कुणी जातीपायी सोडलं. एकाने तर घरच्या श्राद्धांचा खर्च परवडेना म्हणून सोडलं असं हसत सांगितलं. प्रत्येकापाशी सांगायला गोष्ट होती. डॉक्टरांची बायको चहा घेऊन आली, कप ठेवले, आत गेली. तिला कोणी बस म्हटलं नाही. मी उठून तिच्यामागे स्वयंपाकघरात गेले. कोनाड्यात बाळकृष्ण, ताजं फूल.

"डॉक्टरांना चालतं का?" विचारलं.

"आत येतात कुठे ते," ती म्हणाली.

तिच्याजवळ बसून वाटाणे सोलले. त्या घरात तेवढंच बरं वाटलं.

अमरावती, ४ डिसेंबर

कुसुम गेली. हे पोचवायला गेले धामणगावपर्यंत, पुढे आश्रमाची बैलगाडी. निघताना तिने देवांना नमस्कार केला, मग ह्यांना, मग मला. माझ्या पाया पडताना हात जरा जास्त वेळ राहिला. की मलाच वाटलं.

"अष्टपुत्रा" म्हणायची सवय तोंडात येऊन थांबली. मग काय म्हणावं सुचेना. "जेवत जा," म्हटलं.

६ डिसेंबर

घर फार मोठं झालं आहे. दोन खोल्यांचं घर.

नैवेद्य पुन्हा माझ्याकडे आला. ह्यांनी ताट आणून समोर ठेवलं. वाढलं.

५ जानेवारी १९५९

हे कमी बोलतात. यजमानही कमी झालेत. वकिलांच्या मुलाने यंदा सत्यनारायण अर्ध्या तासात आटपायला सांगितलं, सिनेमाला जायचं होतं. सोनारांकडे श्राद्धाच्या ऐवजी अनाथालयात धान्य दिलं. हे सांगत होते, तक्रार म्हणून नाही. "लोक चालले," म्हणाले. "भांडत नाहीत, काही नाही. नुसते येत नाहीत."

मी भाकरी थापत होते. म्हणाले, "तू तशीच आहे का अजून?"

"तशीच."

"हं."

दुसरी भाकरी वाढली. घेतली. यावर आणखी काही बोलतील म्हणून तवा उतरवेपर्यंत वाट पाहिली.

२५ जानेवारी

सखू म्हणाली, "ताई दिसत नाही तुमची." सांगितलं. "केस काढतीन काय तिचे?" म्हटलं, कदाचित. ती मोळीवर बसली. "जाऊन पाहा ना मंग. माय हाय ना तुमी."

१६ फेब्रुवारी

आज आश्रमातून परतले. दोन दिवस राहिले. हे आले नाहीत, कुणाचं तरी लग्न होतं. मला वाटतं मुद्दाम आले नाहीत.

आश्रम स्वच्छ. सारवलेली अंगणं, गाई, नदी आता आटलेली. दहा-बारा बायका, बहुतेक आमच्या कुसुमसारख्याच, कुणी नवऱ्याने टाकलेली. कुसुम काळवंडली आहे, पण अंगाने भरली. गोठा तिच्याकडे. आवाज मोठा झालाय तिचा. गाईवर ओरडताना ऐकला आणि मी थांबलेच. या आवाजात ती घरात कधी बोलली नव्हती.

आक्कांनी मला पंक्तीत आपल्याशेजारी बसवलं. त्यांना ठाऊक असावं माझं. म्हणाल्या, "इथे राहायला मानावंच लागतं असं नाही, ताई. काम करावं लागतं." चांगुलपणाने म्हणाल्या. पण मग इतक्या पहाटे सगळ्यांना कशासाठी उठवतात, ते विचारायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे प्रार्थना. मी मागे भिंतीशी. कुसुम तिसऱ्या ओळीत, डोळे मिटलेले. चेहरा शांत. मी फक्त तिलाच पाहत होते. हिला खरंच काही लाभत असेल तर मी कोण, असं वाटलं. आणि लाभत नसेल तर, असंही.

निघताना ती फाटकापर्यंत आली. म्हटलं, "दादा जूनसाठी विचारून राहिला. जागा धरून ठेवू म्हणतो. तू काहीही ठरव, मी आता काही म्हणणार नाही."

ती बैलाच्या पाठीवर हात फिरवत होती. "आक्का म्हणतात रामनवमीला."

"आणि तू?"

ती म्हणाली, "आई, तुला भीती नाही वाटत? काही नाही म्हटल्यावर?"

"भीती नाही. एकटं वाटतं फार."

गाडीवानाने कासरा ओढला. मी चढले. कुसुम गाडीबरोबर चार पावलं आली, चाकाच्या आवाजात म्हणाली, "मलाही."

काय मलाही? "काय गं?" म्हणून मी ओरडले. तिने फक्त हात हलवला. वळणापर्यंत मी मागे वळून बसले होते.

१७ फेब्रुवारी

हे: "कशी आहे?"

"बरी आहे. गोठा सांभाळते."

"रमली ना?"

काय सांगणार. गर्दीतही एकटं वाटतं म्हणाली, की घर नाही म्हणून, की पहाटे डोळे मिटून बसते तेव्हा तिथेही कोणी नसतं म्हणून. की मला बरं वाटावं म्हणून नुसतंच म्हणाली. स्वभाव आहे तिचा.

"रमली असेल," म्हटलं. ह्यांनी पंचांग काढलं, रामनवमी कधी ते पाहिलं, पान उघडंच ठेवून बसून राहिले.

दादाला पत्र टाकायला बसले. 'कुसुमसाठी जागा' एवढं लिहिलं. 'धर' लिहू की 'धरू नको', ते ठरेना. शाई वाळली. उद्या पाहीन.